बाईची पारख



आपल्या धर्मग्रामात कित्येक घरांत आता वृद्ध आईवडील एकटेच असतात. मुले नोकरीनिमित्त बाहेर. मग घरी राहून काम करणारी बाई शोधावी लागते. दोन-तीन जणी येऊन भेटतात, त्यांतून एक निवडायची. हा व्यवहाराचा प्रश्न आहे, तसाच तो नीतीचाही आहे.

पारख करण्यात गैर काही नाही. आजारी माणसाला उठवता-बसवता येते का, औषधांच्या वेळा सांभाळता येतील का, हे विचारलेच पाहिजे. आधीच्या घरी चौकशी करावी, पगार देऊन आठवडाभर काम पाहावे. अंथरुणाला खिळलेल्या आईला आपण कोणाच्या हाती सोपवतो हे पाहणे मुलांचे कर्तव्यच आहे. वयही विचारावे. चौदा वर्षांखालील मुलीला घरकामाला ठेवण्यास २००६ पासून कायद्याने बंदी आहे.

अडचण पुढेच आहे. निवड झाल्यावर आपण म्हणतो, 'बाई चांगली मिळाली.' चांगली म्हणजे कशी? पुष्कळदा त्याचा अर्थ असा : मागे कोणी नाही, सुट्टी मागत नाही, देऊ तेवढ्यावर राहते. हे गुण नव्हेत, ही लाचारी आहे. तिच्या लाचारीत आपली सोय होते आणि त्या सोयीला आपण सद्गुणाचे नाव देतो. उलट जी विचारते, 'झोपायची जागा कुठे? रविवारी मिस्साला जाता येईल ना?' ती मात्र आपल्याला डोईजड वाटते.

जर्मन तत्त्ववेत्ता इमान्युएल कांट याने १७८५ साली मांडले की, माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये. यातला 'केवळ' हा शब्द महत्त्वाचा. तिच्याकडून काम घेणे चूक नाही. पण कामापलीकडे तिला स्वतःचे आयुष्य आहे, हे विसरणे चूक आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात आणखी पुढचे सांगितले. गरजेपोटी कामगाराने अपुरी मजुरी कबूल केली, तरी तेवढ्याने ती न्याय्य ठरत नाही. तो अन्यायाचा बळी असतो. म्हणजे 'ती तयार आहे ना, मग झाले' हे उत्तर आपल्याला पुरत नाही.

म्हणून बाईला प्रश्न विचारण्याआधी काही उत्तरे आपण तयार ठेवू या. तिची झोपायची जागा कोणती? त्या खोलीला आतून कडी आहे का? पगाराची तारीख कोणती, सुट्टीचा वार कोणता? तिची कागदपत्रे आणि मोबाईल तिच्याचपाशी राहतील ना? ही उत्तरे तिने न विचारताच तिला सांगावीत. ती ऐकून तिने नकार दिला, तर तो तिचा हक्क आहे. आपण तिची पारख करतो, तशी तिलाही आपल्या घराची पारख करू द्यावी.

संत पौल कलस्सैकरांस आठवण देतो की, धन्यांनाही स्वर्गात धनी आहे. आपली पारख तिथे व्हायची आहे.

आपले धर्मगुरू