काझीसाहेबांचा दाखला

काळ्या माणसाला राज्य करणं कधी ठाऊकच नव्हतं, असं कुणी बोललं की आपले दोस्त इब्न बतूताचं नाव पुढं करतात. बरोबरच करतात. मोरोक्कोतल्या टँजियरचा हा माणूस, धंद्यानं काझी. दिल्लीत मुहंमद तुघलकाच्या पदरी काझीपण केलं, आपल्या दौलताबादेलाही येऊन गेला. १३५२ साली तांड्याबरोबर सहारा तुडवत तो मालीच्या राज्यात पोचला. त्याची हकीगत १३५५ साली लिहून पुरी झाली. तीत तो मालीला दाखला देतो. या लोकांना अन्यायाची चीड आहे, वाटेत चोराची भीती नाही. परका गोरा (म्हणजे त्याच्या लेखी अरब-बर्बर) तिथं मेला तर त्याच्या मालाला कुणी बोट लावत नाही. वारस येईपर्यंत तो भरवशाच्या गोऱ्याकडं ठेवतात.

वाचून माझीही छाती फुगली. मग मी मागली पानं परत उलटली.

मालीच्या वाटेवर तघाझा लागतं. मिठाची खाण. घरं मिठाच्या लाद्यांची, वर उंटाचं कातडं. झाड औषधाला नाही. तिथं राहतात फक्त मसूफा टोळीचे गुलाम, तेच मीठ खणतात. खायला लांबून आलेला खजूर, उंटाचं मांस नि भरड धान्य. खाऱ्या पाण्यानं नि माश्यांनी काझीसाहेब दहा दिवसांत हैराण झाले. दहा दिवसांत! खणणाऱ्यांचं तर घरच तिथं. मिठाच्या एका ओझ्याला वलाता गावात आठ-दहा मिस्काल सोनं, राजधानीत वीस-तीस, कधी चाळीससुद्धा. भाव साहेबांनी बरोबर टिपून ठेवलाय. खणणाऱ्याच्या हाती काय पडलं, तो रकाना कोरा.

आता म्हणाल, माणूस आंधळा असंल. मुळीच न्हाई. मानसा सुलेमानाच्या दरबारात बोलावणं आलेला माणूस चांगले कपडे उतरवतो, फाटके घालतो, डोक्यावर-पाठीवर धूळ उधळून घेतो. हे त्याला खटकलं. सुलतानानं पाहुणचार म्हणून तीन भाकऱ्या, तळलेल्या गोमांसाचा तुकडा नि दही धाडलं, तर ह्याला हसू आलं, आणि पुढं दरबारात उभं राहून यानं तक्रार केली. म्हणजे अपमान कशाला म्हणतात हे पक्कं कळत होतं. दासी आणि मुली उघड्या फिरतात हेही खटकलं. दासीचं उघडेपण दिसलं, दासीपण दिसलं नाही.

मला वाटतं, 'अन्याय' हा त्याच्यासाठी मालकामालकांतला शब्द होता. जो माणूसच मालात मोजला गेला, त्याच्यावर अन्याय होणार कसा? फार तर त्याची चोरी होईल, आणि मग अन्याय होईल मालकावर. एवढं आकाश फिरलेला काझी, पण कायद्याच्या पोथीबाहेर त्याची नजर गेली नाही.

तो काळच तसा होता, असं सांगणारे शहाणे भेटतात. कुणाचा काळ? खाणीतल्या माणसाचाही तो काळ होताच की. त्याला कुणी विचारलं?

म्हणून युरोपवाल्यांनी टाळ्या पिटू नयेत. पुढं त्यांनी सव्वा कोटीच्या आसपास माणसं जहाजात कोंबून अटलांटिकपार न्यायला काढली. त्यांच्या तोंडावर मालीचा दाखला जरूर फेकावा, तो खोटा नाही. पण आपण राजाच्या सोन्यावर भाळून तघाझा विसरणार असू, तर आपणही काझीच की.

१३५३ च्या सप्टेंबरात तो तकेद्दाहून परत निघाला. तांब्याचं गाव ते, तिथंही राबणारे गुलामच, बाया नि बाप्ये. शिकलेली गुलाम बाई विकत मिळावी म्हणून साहेब तिथं खटपट करत होते. निघाले त्या तांड्यात सहाशे गुलाम बाया होत्या. आकडा त्यानंच दिलाय, जाताजाता. नाव एकीचंही नाही. घरच्या वाटेवर पुढं डोंगरात बर्फ लागलं. बुखारा-समरकंदचं बर्फ पाहिलंय, पण याहून अवघड वाट पाहिली नाही, असं मात्र त्यानं आठवणीनं सांगितलंय.