सरमेच्या पिल्लाचं काय चुकलं होतं?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

आजचं वाचन : महाभारत, आदिपर्व (पौष्यपर्वाचा आरंभ) आणि महाप्रस्थानिकपर्व

महाभारत म्हटलं की आपल्याला द्यूत आठवतं, गीता आठवते. पण आदिपर्वातल्या अगदी सुरुवातीच्या गोष्टींमध्ये एक गोष्ट मार खाल्लेल्या कुत्र्याच्या पिल्लाची आहे. कुरुक्षेत्रावर जनमेजयाचं सत्र चाललेलं. तिथे एक पिल्लू येतं आणि राजाचे भाऊ त्याला बडवतात. ते रडत आईकडे, देवांच्या कुत्रीकडे, सरमेकडे जातं. आई कुठल्याही आईसारखीच आधी म्हणते, तूच काहीतरी केलं असशील. ते सांगतं, मी हवीकडे पाहिलंसुद्धा नाही, चाटलं तर नाहीच. मग सरमा यज्ञमंडपात जाऊन विचारते, याला का मारलंत?

कुणीच उत्तर देत नाही. ती शाप देते, न दिसणारं भय तुमच्यावर येईल. आणि एवढा मोठा राजा घाबरून शाप उतरवणारा पुरोहित शोधत फिरतो.

त्या गप्प बसण्यापाशी मी अडकलो. कारण मीही गप्प बसलेला आहे. २०२० च्या लॉकडाउनमध्ये मी बीगलचं पिल्लू विकत आणलं. बिट्टू. रील्स काढल्या, लाइक मिळाले. २०२२ मध्ये ऑफिस सुरू झालं, तो दिवसभर एकटा भुंकायचा, सोसायटीत तक्रारी. एका ग्रुपवर ‘शेत आहे, सांभाळतो’ म्हणणारा माणूस भेटला, त्याला देऊन टाकला. वाटी आणि गादीसकट. महिन्याभराने फोन केला तर नंबर बंद. पण विचारणाऱ्यांना मी सांगत राहिलो, शेतावर मजेत आहे.

गेल्या आठवड्यात कारंज्याला गेलो होतो. श्रीनृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, वर्षातून एकदा तरी पाय लागतातच. गुरुमंदिरात दर्शन घेऊन बाहेर पडलो, तर गल्लीत नालीच्या कडेला पांढरा पॉमेरेनियन. गळ्यात लाल पट्टा, मागचा पाय चिरडलेला, जखमेत अळ्या. दत्ताच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांना आपण चार वेद म्हणतो, हात जोडतो. हा पाचवा. कुणीतरी त्याच्यापुढे पेढा ठेवून गेलं होतं.

दुकानदाराने फोन लावला, एक मावशी मुलाला घेऊन गाडीवर आल्या. घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये अशी डझनभर जनावरं त्या सांभाळतात. मी म्हटलं, मावशी, लोक इथेच का आणून सोडतात? त्या म्हणाल्या, “देवाचं गाव हाये ना बाप्पा. कोनी ना कोनी पोयी टाकीनच, असं वाट्टे त्यायले.”

म्हणजे सोडणाराही श्रद्धेनेच सोडतो! आपण आपला भार देवाच्या दारात टाकतो आणि त्याला श्रद्धा म्हणतो, हे मला फार लागलं.

आता शेवटच्या टोकाला या. हिमालयात द्रौपदी पडली, भाऊ पडले, उरला युधिष्ठिर आणि मागून येणारा कुत्रा. इंद्र म्हणतो, कुत्र्याला सोड, रथात बस. भावांना सोडलंस, मग याला का नाही? युधिष्ठिराचं उत्तर नीट वाचा. ते मेले होते, जिवंत असताना मी त्यांना सोडलं नाही. आणि भक्ताचा त्याग हे महापाप. लक्षात आलं? इथे ‘भक्त’ हा शब्द कुत्र्यासाठी आहे. आपण स्वतःला रोज भक्त म्हणवतो, पण या प्रसंगात आपली जागा दुसरीच आहे. कुणीतरी आपल्यावर विसंबून मागे मागे आलंय, आणि सोडायचं की नाही हे आपल्या हातात आहे.

हे पुराणातच घडतं असं नाही. १८३२ मध्ये मुंबईत इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारायला सुरुवात केली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, दंगल झाली. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शाह यांनी पांजरपोळ उभी केली. दंगलीतला राग ओसरतो. त्यांनी त्याचं रोजच्या चाऱ्यापाण्यात रूपांतर केलं.

कायदाही आहे. पाळलेला जीव उपाशी मरेल असा सोडून देणं १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या खेपेचा दंड दहा ते पन्नास रुपये! पिझ्झाच्या टॉपिंगएवढासुद्धा नाही.

मावशींना विचारलं, काय पाठवू? मला वाटलं पैसे म्हणतील. म्हणाल्या, जुन्या चादरी, रद्दी, तांदूळ. आणि हाड मोडलेल्याला अकोल्याच्या पशुवैद्यक संस्थेत न्यायला गाडीभाडं. दूध-बिस्किटं नकोत, पेढे तर मुळीच नकोत, पोट बिघडतं. “आन् एक डाव देऊन जाऊ नका जी,” त्या म्हणाल्या, “हे रोज खातेत.”

तुमच्या शहरात, तुमच्या गल्लीतही अशी एखादी मावशी असेल. तिला आधी हेच विचारा, दर महिन्याला काय लागतं.

माझा हप्ता एक तारखेपासून सुरू झालाय. पॉमेरेनियनचा पाय काढावा लागला, पण तो जेवतोय. आणि रविवारी मी तो जुना नंबर पुन्हा लावून पाहिला. अजून बंदच आहे.