डोहाची माता

आंबेगाव तालुक्यातील आहुपे गावी, सह्याद्रीच्या कड्यालगत, घोड नदी उगम पावते. सह्याद्रीतल्या अशा नद्यांच्या डोहांकाठी शेंदूर फासलेले सात दगड आढळतात. त्या साती आसरा, पाण्याच्या देवता. बाया त्यांना हिरव्या बांगड्या नि खण वाहतात. आम्हां ख्रिस्ती माणसांनी त्यांच्याविषयी कोणती वृत्ती बाळगावी?

या प्रश्नाला एक दूरचा दाखला आहे. पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोकांची येमोजा ही ओगुन नदीची माता. गुलाम म्हणून क्यूबात नेलेल्या तिच्या लेकरांनी तिला समुद्राची माता मानले, आणि हवानाजवळील रेग्ला येथल्या सावळ्या मारियामातेत तिलाच पाहिले. त्यांचा बाप्तिस्मा झालेला होता. कोणी यास लबाडी म्हणेल. आम्हांस तसे म्हणवत नाही. साखळदंडांत बाप्तिस्मा घेतलेल्यांकडे निखळ श्रद्धा कोणत्या तोंडाने मागावी? (त्यांचे धनीही ख्रिस्तीच होते.)

म्हणून सारे सारखेच, असे मात्र नव्हे. आसरांच्या भक्तीत भयाचा वाटा मोठा आहे. बाई आजारी पडली की 'आसरा लागल्या' म्हणून पुष्कळदा दवाखान्याआधी भगत गाठला जातो. इतर धर्मांतील सत्य व पवित्र ते चर्च नाकारीत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सांगितले. पाण्याविषयीचा आदर आम्ही त्यात धरतो, हे भय धरीत नाही. बाईला आधी दवाखान्यातच न्यावे. तिने डोहाकाठी ठेवलेल्या बांगड्यांना मात्र आम्ही हात लावू नये.