गोठ्यातील ऋतू

दिवाळी उलटली की देवळाली प्रवराच्या शिवारात ऊसतोडीला वेग येतो आणि रस्त्याकडेला वाढ्यांच्या मोळ्या विकावयास येतात. हिरवा, स्वस्त, हाताशी असलेला हा चारा मग कित्येक महिने दावणीत पडत राहतो. गाईचे पोट भरते आणि आम्ही निश्चिंत होतो. परंतु पोट भरले म्हणजे पालनकर्त्याचे कर्तव्य संपले काय?

गाय गवत खाते असे आपण म्हणतो. वस्तुतः त्यातील तंतू पचविण्याची शक्ती तिच्या स्वतःच्या अंगी नाही. तिच्या पोटाच्या मोठ्या कप्प्यात अगणित सूक्ष्मजीव नांदतात. ते चारा आंबवून जी आम्ले तयार करतात, त्यांवर तिचे बळ अवलंबून असते. चारा बदलला की ही वस्तीही बदलते, मात्र तिला अवधी लागतो. वाढ्यांतील ऑक्झलेट हे द्रव्य कॅल्शियमला बांधून ठेवते. त्याचा नाश करणारे जिवाणू पोटात असतात खरे, पण ते हळूहळूच वाढतात. म्हणून वाढे क्रमाक्रमाने वाढवावे, त्यावर चुन्याची निवळी शिंपडावी, सोबत इतर चारा द्यावा, असे जाणकार सांगतात.

आपल्याच जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे, १९८० पासून काळविटांचे अभयारण्य आहे. त्यांची दावण ऋतूच भरतात: पावसाळ्यात कोवळे गवत, पुढे वाळलेले, आणि गवत संपले की झुडपांचा पाला व शेंगा. रानातील प्राण्याच्या पोटातील वस्ती ऋतूबरोबर कूस बदलते. चीनमधील रानटी पांडा बांबूची पाने सोडून कोवळ्या कोंबांकडे वळतो, तेव्हा त्याच्या आतड्यातील एका जिवाणूचे प्रमाण वाढते, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. याउलट, प्राणिसंग्रहालयांतील डूक व हाउलर या माकडांनी आपले मूळ सूक्ष्मजीव बरेचसे गमावले असून त्यांची वस्ती माणसाच्या वस्तीसारखी होऊ लागली आहे, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. वनस्पतींची विविधता व तंतू कमी पडणे हे त्याचे एक संभाव्य कारण मानले गेले. पिंजऱ्यात अन्न कमी नव्हते. उणीव होती ती रानाची.

कोणी म्हणेल, गरिबाच्या गोठ्यात विविधतेची चैन कशी परवडावी? हा आक्षेप खरा आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात चारा छावण्यांत उसावर जनावरे तगली, त्या उसाचे उपकार विसरता येणार नाहीत. पण संकटात जे पुरेसे, ते सुबत्तेतही पुरेसे मानणे ही आमची सोय झाली. गाईचे हित नव्हे. गरज आणि सोय यांतील भेद प्रामाणिकपणे ओळखणे, येथेच खरी कसोटी आहे.

ज्याला आपण दाव्याला बांधतो, त्याचे हिंडणे आपण काढून घेतो. त्या हिंडण्यातून त्याला जे मिळत होते, ते परत देणे ही दया नसून देणे आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात सृष्टीच्या सुस्थितीसाठी आवश्यक अशा जीवांत सूक्ष्मजीवांचीही गणना केली. ते दृष्टीस पडत नाहीत, तक्रारही करीत नाहीत. तेव्हा बांधावरचे गवत तणनाशकाने जाळण्यापूर्वी आपण क्षणभर थांबू या. एवढ्या बांधावरून एक ऋतू तरी गोठ्यात पोहोचेल.