भिंतीवरच्या चित्रापासून धुक्यापर्यंत

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत समीकरणांच्या आधी चित्रं भेटतात. संस्थेच्या निधीतला सुमारे एक टक्का चित्रखरेदीला वापरण्याची परवानगी संस्थापक होमी भाभांनी नेहरूंकडून मिळवली होती. दर्शनी दालनातलं भलंमोठं भित्तिचित्र चित्रकार हुसेन यांचं. भाभा स्वतः उत्तम रेखाटनं करत. विज्ञान घडवणाऱ्यांच्या अवतीभवती चांगली कला असावी, हा त्यांचा उमदा आग्रह. पण त्या मांडणीत कला आणि विज्ञान नुसते शेजारीच राहिले. हुसेनच्या रेषेमुळे एखादा प्रयोग बदलावा, अशी अपेक्षाच नव्हती.

भाभा जानेवारी 1966 मध्ये विमान अपघातात गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग आणि बेल लॅब्जमधला अभियंता बिली क्लूव्हर यांनी दहा कलावंत व तीसेक अभियंते एकत्र आणून 'नाइन इव्हनिंग्ज' नावाचे रंगमंचीय प्रयोग केले. यंत्रं रुसली, समीक्षक वैतागले. तरी त्यातून एक संघटना उभी राहिली आणि अभियंता कलावंताच्या खोलीत आला. अर्थात बहुधा मदतनीस म्हणूनच: कलावंताने मागायचं, अभियंत्याने जोडून द्यायचं.

मागणीच अवघड असेल तर काय होतं, ते 1970 च्या ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात दिसलं. पेप्सीच्या दालनासाठी या संघटनेने फुजिको नाकाया यांना बोलावलं. प्रयोगशाळेत पहिल्यांदा कृत्रिम हिमकण घडवणारे भौतिकशास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया हे त्यांचे वडील. फुजिकोंना दालनाभोवती धुकं हवं होतं. कॅलिफोर्नियातले मेघभौतिकीतज्ज्ञ थॉमस मी यांना रसायनांनी धुकं करता येत होतं. फुजिकोंनी ते नाकारलं. लोकांनी त्यात शिरायचं, श्वास घ्यायचा, भिजायचं, म्हणून निव्वळ पाणीच हवं. मग थॉमस मी यांनी प्रचंड दाबाखालचं पाणी अतिसूक्ष्म छिद्रातून सोडून समोरच्या पिनेवर आदळवलं. मायक्रॉनमध्ये मोजावे लागतील इतके बारीक थेंब झाले. फुजिकोंनीही वाऱ्याचा आणि आर्द्रतेचा अभ्यास केला, कारण या शिल्पाचा आकार शेवटी वाराच ठरवणार होता.

तेच तंत्र पुढे शेतीत आणि वीजनिर्मितीच्या टर्बाइनमध्ये जाणारी हवा थंड करायला वापरलं गेलं. उपयोग झाला म्हणून कला मोठी, असं मला म्हणायचं नाही. माझ्या लेखी महत्त्वाचा तो नकार. रसायनाचं धुकं दुरून तितकंच देखणं दिसलं असतं. फुजिकोंच्या हट्टामुळे मेघशास्त्रज्ञाला नवं काम लागलं. त्यांच्या धुक्याच्या शिल्पांच्या नावात आजही जवळच्या हवामानकेंद्राचा क्रमांक असतो. बिलबाओच्या गुगेनहाइम संग्रहालयातल्या धुक्याला 08025.

आता कलावंतांना प्रयोगशाळेत राहायला बोलावण्याचा रिवाज रुळला आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेत 2011 पासून असा उपक्रम चालतो. चांगलंच आहे. पण कणांच्या टकरीचे आलेख रंगवून टांगायचे, तर आपण भाभांच्याही मागे गेलो. तिथे निदान हुसेन होता. शिवाय सर्नमधल्या सत्तावीस किलोमीटर परिघाच्या कणत्वरकाचा एक स्क्रूदेखील कलावंताच्या हट्टाखातर हलायचा नाही. तो पाहतो, बोलतो आणि आपल्या स्टुडिओत परततो. म्हणून मला जास्त आशा वाटते ती लहान प्रयोगशाळांची, जिथे एखादा माणूस कोणाला न विचारता नळीचं तोंड बदलून बघू शकतो.