विकलेल्या वस्तूवरील कुलूप

पूर्ण मोल घेऊन वस्तू विकल्यानंतर तिच्या वापरावर विक्रेत्याचा अधिकार कोठपर्यंत उरतो? २८ एप्रिल २००३ रोजी अमेरिकेत ॲपल कंपनीचे आयट्यून्स म्युझिक स्टोअर सुरू झाले आणि हा प्रश्न सामान्य ग्राहकापुढे उभा राहिला. ९९ सेंटला एक गीत मिळे; परंतु त्यावर ‘फेअरप्ले’ नावाचे सांकेतिक कुलूप असे. गीतांची एकच यादी दहा वेळाच सीडीवर उतरवता येई आणि गीत तीनच संगणकांवर वाजे. वर्षभराने कंपनीने दहाचे सात केले व तीनचे पाच. यादी बदलली की मोजणी नव्याने सुरू होई. म्हणजे रोख घाऊक नकलांवर होता.

संगीताच्या वैधतेची चर्चा येथे अभिप्रेत नाही. व्याख्यान किंवा ग्रंथ अशा रीतीने विकला तरी प्रश्न तोच राहतो.

निर्मात्याचा हक्क नाकारता येत नाही. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८८ मध्ये कुवेत येथील अधिवेशनात लेखन व शोध यांवरील हक्कांना शरीअतचे संरक्षण असल्याचा निर्णय दिला. पवित्र कुरआनच्या अल-माइदा या अध्यायाचा आरंभच करार पाळण्याच्या आज्ञेने होतो. म्हणून समजून स्वीकारलेली अट ग्राहकाला बंधनकारक आहे. सीडीवरून गीत पुन्हा संगणकात घेतले की कुलूप गळून पडे. पण वाट मोकळी आहे, एवढ्यावरून मित्रमंडळींत प्रती वाटणे वैध ठरत नाही.

मात्र करार दोन्ही बाजूंना बांधतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले निघाले. ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपले नाते नाकारले. लांबलचक कायदेशीर मजकुरात दडवलेली अट त्या ओल्या धान्यासारखीच आहे. फिक्हमध्ये विक्रीने (बैअ) मालकी जाते, तर भाडेकराराने (इजारा) केवळ उपयोग मिळतो. मर्यादित वापराचा परवाना देणाऱ्याने त्याला ‘विक्री’ म्हणू नये. आणि ठरलेली अट पुढे एकाच पक्षाने बदलावी, ही मोकळीकही न्याय्य नव्हे. परस्पर संमती हा व्यवहाराचा पाया आहे.

२००९ मध्ये आयट्यून्सवरील गीतांचे हे कुलूप निघाले. विक्री पुढेही चालू राहिली. कुलूप गेले तरी दोघांची जबाबदारी गेली नाही. प्रत काढणाऱ्याने आणि अटी लिहिणाऱ्यानेही, अल्लाह आपला व्यवहार पाहत आहे, ही जाणीव ठेवूनच हात चालवावा.