मोठ्या अक्षरांतला शब्द

औषधाच्या दुकानात येणारा माणूस पुष्कळदा एकच शब्द घेऊन आलेला असतो. मूल रात्रभर जुलाबाने मलूल झालेले असते, आई घाबरलेली असते आणि काउंटरवर ती एवढेच म्हणते, "ओआरएस द्या." खोक्यावरचा बारीक मजकूर वाचायला तिला सवड नसते. हल्ली हाच शब्द मोबाइलवरच्या खरेदीच्या ॲपमध्ये टाइप होतो आणि समोर जे पहिले दिसेल ते मागवले जाते. व्यापाराच्या भाषेत हा कीवर्ड. त्या आईचा मात्र सगळा भरवसा त्यावर असतो.

हा भरवसा फुकट मिळालेला नाही. १९७१ साली, बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात, पश्चिम बंगालमधील बनगाव येथे आलेल्या निर्वासितांत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते द्रावण, म्हणजेच ओआरएस, रुग्णांना पाजायला सुरुवात केली. पाजण्याचे काम बरेचसे नातेवाइकांनीच केले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले.

सुरुवातीला लोकांचा या पाण्यावर विश्वास बसेना. म्हणून त्यांना सांगितले गेले, की हे तोंडाने घ्यायचे सलाइन आहे. सलाइन लोकांच्या ओळखीचे होते, त्या ओळखीचा आधार घेतला गेला, आणि त्यामागचे औषधही तितकेच खरे होते. डॉ. महालनबीस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

पुढे बाजाराने हीच ओळख वेगळ्या कामाला जुंपली. फळांच्या स्वादाची गोड पेये आकर्षक खोक्यांत आली आणि त्यांच्या नावात 'ओआरएस' ही अक्षरे ठळक झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एक लिटर पाण्याला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते आणि त्याला क्षारांची नेमकी जोड असते. या पेयांत साखर त्याच्या कित्येक पट आणि क्षार अपुरे. जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढून घेते, त्यामुळे जुलाब वाढू शकतात. म्हणजे ज्या दुखण्यासाठी आई ते विकत घेते, तेच बळावण्याची भीती.

हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष या नावाविरुद्ध सुमारे आठ वर्षे लढल्या. जुलै २०२२ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, हे पेय संघटनेच्या सूत्राप्रमाणे नाही अशी सूचना छापण्याच्या अटीवर, ब्रँडच्या नावात ही अक्षरे ठेवण्याची मुभा दिली होती. ही अट तोकडी होती, असेच म्हणावे लागेल. भुरळ मोठ्या अक्षरांत आणि सत्य बारीक अक्षरांत असेल, तर घाईतल्या माणसाच्या वाट्याला भुरळच येते. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्राधिकरणाने ही मुभा काढून घेतली.

असे शब्द इतरही आहेत. फळांच्या रसाच्या खोक्यांवरून '१०० टक्के' हा दावा काढा, असे याच प्राधिकरणाला जून २०२४ मध्ये सांगावे लागले. दुसऱ्याचे व्यापारी नाव गूगलवर कीवर्ड म्हणून विकत घेऊन आपली जाहिरात वर आणण्याचा प्रश्नही दिल्ली उच्च न्यायालयापुढे आला. ऑगस्ट २०२३ च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की असा वापर दरवेळी बेकायदा ठरत नाही. पण ग्राहकाची दिशाभूल होत असेल, तर गूगलला नामानिराळे राहता येणार नाही. कायदा इथवर येतो. त्या आधीचा प्रश्न विक्रेत्याने स्वतःला विचारायचा असतो: माणूस हा शब्द उच्चारतो तेव्हा त्याला जे हवे असते, तेच आपण त्याच्या हातात ठेवतो का?

नियम बदलला तरी खरेदी करताना सावध राहायलाच हवे. औषधविक्रेत्यांनी ओआरएस मागणाऱ्याच्या हाती शीतपेय ठेवू नये आणि ग्राहकांनी पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे की नाही, ते पाहूनच पैसे द्यावेत. खरी ओआरएसची पाकिटे प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि आशाताईंकडे मोफत मिळतात.